नांगर धरणाऱ्याला काय म्हणायचं?

पुण्यात रशियन शिकायला लागले तेव्हाची एक वही अजून माझ्याजवळ आहे. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. 1978 साली तिच्यात मी एक ओळ लिहिली होती : ‘क्रेस्त्यानिन – शेतकरी’. पुढची चाळीसेक वर्षं मी रशियन शिकवलं, काही कथा-कादंबऱ्या मराठीत आणल्या, आणि त्या ओळीच्या आजूबाजूला टिपणं वाढत गेली. समास भरला, मग चिकटवलेल्या चिठ्ठ्या आल्या. आज त्या पानावर मूळ ओळ शोधावी लागते.

मी शेतकऱ्याच्या घरातली. आमच्या अण्णांची कोरेगाव तालुक्यात साडेतीन एकर जमीन होती. कदाचित म्हणूनच हा शब्द मला सोडवेना. जगाला खाऊ घालणाऱ्या माणसाला जग कोणत्या नावानं हाक मारतं, या प्रश्नानं मला रशियन भाषा जितकी शिकवली तितकी कोणत्याही व्याकरणानं शिकवली नाही. त्या पानावरून जे हाती लागलं ते इथे क्रमानं सांगते.

1. कानाला जवळचा वाटणारा शब्द नात्यातला असतोच असं नाही.

रशियन आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या, हे पहिल्या महिन्यातच कळतं आणि मग विद्यार्थ्याला सगळीकडे नातेवाईक दिसू लागतात. ब्रात म्हणजे भ्राता, ओगोन म्हणजे अग्नी, झिवोय म्हणजे जिवंत. क्रेस्त्यानिन ऐकल्याबरोबर मला कृषी आठवली, कृषक आठवला, कृष् धातू आठवला. मी वर्गात उत्साहानं हात वर केला. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “ध्वनी जुळला. आता कागद दाखव.”

कागद पाहिल्यावर कळलं की कृषीचा इथे काही संबंध नाही. शब्दाचं मूळ ग्रीक ‘ख्रिस्तिआनोस’. जुन्या रशियन हस्तलिखितांत क्रेस्त्यानिनचा अर्थ सरळ ‘ख्रिस्ती’ असाच आहे. रशियनमध्ये क्रूसाला ‘क्रेस्त’ म्हणतात. तो शब्दही ख्रिस्ताच्या नावावरूनच आलेला, आणि त्याच्या ओढीनं ‘ख्र’चा ‘क्र’ होऊन बसला. आज रशियनमध्ये दोन वेगळे शब्द आहेत : ‘ख्रिस्तिआनीन’ म्हणजे ख्रिस्ती आणि ‘क्रेस्त्यानिन’ म्हणजे जमीन कसणारा. एकाच बीजातून आलेली ही दोन रोपं आहेत.

जिथे मला नातं दिसलंच नव्हतं तिथे मात्र ते निघालं. खेड्यातल्या माणसासाठी दुसरा रशियन शब्द ‘मुझिक’. तो ‘मूझ’वरून येतो, म्हणजे पुरुष, नवरा. भाषाशास्त्रज्ञ हा शब्द संस्कृतातल्या मनु, मनुष् यांच्या ओळीत ठेवतात. म्हणजे रशियाचा मुझिक आणि आपला माणूस हे लांबचे भाऊबंद. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना सरांचंच वाक्य सांगत आले.

2. कामाचं नाव कामावरूनच पडतं असं धरून चालू नये.

शेत करतो तो शेतकरी, हे आपल्याला इतकं स्वाभाविक वाटतं की दुसरी वाट असू शकते हे ध्यानात येत नाही. क्रेस्त्यानिन या शब्दात ना शेत, ना नांगर, ना धान्य. नुसता बाप्तिस्मा आहे.

कीव्हच्या राजसत्तेनं 988 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तेराव्या शतकात मंगोल आले आणि रशियन मुलूख सुवर्ण टोळीचा मांडलिक झाला. ही टोळी चौदाव्या शतकात इस्लामकडे वळली. खंडणी घ्यायला येणारा परका आणि खंडणी देणारा आपला, यांच्यातला फरक सांगण्याची खूण म्हणजे धर्म. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून क्रेस्त्यानिन हा शब्द कागदपत्रांत खेड्यातल्या माणसासाठी येऊ लागतो. सरदाराला हुद्दा होता, व्यापाऱ्याला धंदा होता, पाद्र्याला पद होतं. ज्याच्यापाशी यातलं काही नव्हतं त्याच्यापाशी गळ्यातला क्रूस तेवढा होता. बाकी ओळख नसलेला जो मोठा समाज, तो नुसता ‘ख्रिस्ती’ म्हणून उरला, आणि तो समाज जमीन कसत होता.

याच्या अगदी उलट प्रवास लॅटिनमध्ये झाला. तिथे ‘पागानुस’ म्हणजे गावकरी, आणि पुढे त्याचाच अर्थ झाला ख्रिस्ती नसलेला. एका भाषेत गावकरी हा धर्माबाहेरचा ठरला, दुसरीत धर्मातला माणूस गावकरी ठरला. गंमत अशी की तो लॅटिन शब्द रशियनमध्येही पोहोचला. आधी त्याचा अर्थ अन्यधर्मी होता, मग अपवित्र, मग घाणेरडा. आज रशियन गृहिणी विषारी अळंबीला ‘पोगान्का’ म्हणते तेव्हा तिच्या तोंडी तोच रोमन गावकरी असतो.

हे वाचताना मला गोव्यातला ‘किरिस्तांव’ आठवला. मूळ तोच ग्रीक शब्द, पण तो पोर्तुगीजांच्या गलबतांतून आला आणि इथे एका धर्मसमाजाचं नाव म्हणून राहिला. बी तेच असलं तरी उगवणं जमिनीवर ठरतं.

3. वरून दिलेलं नाव आणि स्वतः घेतलेलं नाव वेगवेगळं वाचावं.

क्रेस्त्यानिन रूढ होण्याआधी कसणाऱ्याला ‘स्मेर्द’ म्हणत. अकराव्या शतकापासूनची ‘रूस्काया प्राव्दा’ ही कायद्याची संहिता पाहिली तर माणसांच्या किमती मांडून ठेवलेल्या दिसतात. राजाच्या वरिष्ठ माणसाच्या खुनाला 80 ग्रिव्ना दंड, साध्या स्वतंत्र माणसाच्या खुनाला 40, आणि स्मेर्दच्या खुनाला 5. आणि ‘स्मेर्देत’ या रशियन क्रियापदाचा अर्थ आहे दुर्गंधी येणं. बहुतेक व्युत्पत्तिकार या दोन शब्दांचं मूळ एकच मानतात. ज्याच्या अंगाला माती आणि घाम आहे त्याला हे नाव त्यानं स्वतः दिलं नसणार.

नंतरच्या काळात झारला अर्ज करायचा असेल तर त्याला ‘चेलोबित्नाया’ म्हणत, म्हणजे कपाळ जमिनीला टेकवून केलेली विनंती. त्यात सरदार स्वतःला ‘तुझा दास’ म्हणवत, पाद्री ‘तुझ्यासाठी प्रार्थना करणारा’, आणि खेडूत ‘तुझा सिरोता’ म्हणजे ‘तुझं पोरकं लेकरू’. नावही पुरतं लिहायचं नाही. इवान असला तर इवाश्का.

हे अर्ज पहिल्यांदा वाचले तेव्हा मला वाटलं होतं, हा माणूस स्वतःला खरंच पोरका समजत असेल. मग गावच्या सभांची वर्णनं वाचली. गावाच्या पंचायतीला ‘मीर’ म्हणत. ‘मीर’ म्हणजे जगही आणि शांतताही. अशा सभेत उठून बोलणारा मुझिक समोरच्यांना हाक मारायचा, “प्रावोस्लाव्निये!” म्हणजे सच्च्या श्रद्धेच्या लोकांनो! दरबारात पोरका असलेला माणूस आपल्या पारावर असा ताठ उभा होता. अर्जातला शब्द हा कारकुनी साचा होता, पारावरचा त्याचा स्वतःचा. दोन्ही खरे, पण एकाच वजनाचे नाहीत. तेव्हापासून जुना कागद वाचताना मी आधी पाहते की लेखणी कोणाच्या हातात आहे.

4. लहान प्रत्ययात मोठा इतिहास असतो.

‘मूझ’ हा जुन्या रशियात मानाचा शब्द. राजाची माणसं म्हणजे मूझ. त्याला ‘-इक’ हा लहानपण दाखवणारा प्रत्यय लागला आणि मुझिक झाला, म्हणजे लहानसा माणूस, उणा माणूस. पुढची काही शतकं हा शब्द खेडवळ, अडाणी, रांगडा अशा छटा वागवत राहिला.

मराठी वाचकाला हे समजायला कठीण नाही. गणपतचा गण्या होतो. आईनं ‘गण्या’ म्हणणं वेगळं आणि मालकानं ‘गण्या’ म्हणणं वेगळं. प्रत्यय तोच असला तरी एका तोंडी माया असते आणि दुसऱ्या तोंडी पायरी दाखवलेली असते.

पण मुझिकची गोष्ट इथे संपत नाही. 1989-90 च्या हिवाळ्यात मी शिक्षकांच्या एका दहा महिन्यांच्या अभ्यासक्रमासाठी मॉस्कोत होते. एका सकाळी आमच्या वसतिगृहासमोर पावाची गाडी बर्फात रुतली. चालक खाली उतरला आणि रस्त्यावरच्या अनोळखी लोकांना त्यानं हाक दिली, “मुझिकी!” पाचसहा जण थांबले. त्यांत ब्रीफकेसवाला एक गृहस्थही होता. सगळ्यांनी खांदा लावला, गाडी निघाली, प्रत्येक जण आपल्या वाटेनं गेला. कोणालाही तो शब्द लागला नव्हता. उलट त्या हाकेत ‘तुम्ही माझ्यासारखेच आहात’ असा विश्वास होता. पुढे बायकांच्या बोलण्यात ऐकलं, ‘नास्तोयाश्शी मुझिक’, खरा मर्द, शब्दाला जागणारा, अंगावर पडलेलं काम उचलणारा.

शंभर वर्षांपूर्वी शहरी माणसाला मुझिक म्हटलं तर भांडण झालं असतं. मधल्या काळात खेड्यातली कोट्यवधी माणसं शहरात आली आणि आपला शब्द बरोबर घेऊन आली. ज्या वर्गाच्या पायरीमुळे तो हिणवणारा ठरला होता ती पायरीच कायद्यानं गेली. मग शब्दात उरलं ते खांद्याचं बळ आणि सरळपणा.

5. कागदावरचा शब्द आणि हातातलं काम एकच असेल असं समजू नये.

ही शिकवण मला चुकीतून मिळाली. दस्तयेव्हस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’मधल्या काही प्रकरणांचा मराठी अनुवाद मी एका वाचनवर्गासाठी करत होते. 1866 च्या या कादंबरीत मिकोल्का नावाचा एक तरुण पीटर्सबर्गमध्ये घरं रंगवण्याचं काम करतो. त्याची ओळख करून देताना त्याला क्रेस्त्यानिन म्हटलं आहे, गाव रियाझानकडचं. मी लिहून टाकलं, ‘शेतकरी’. वाचनवर्गातल्या एका निवृत्त तलाठ्यांनी विचारलं, “बाई, शेतकरी आहे तर राजधानीत भिंती का रंगवतोय?”

प्रश्न अगदी बरोबर होता. झारच्या रशियात क्रेस्त्यानिन ही कायद्यानं ठरवलेली श्रेणी होती. सरदार, पाद्री, नगरवासी, क्रेस्त्यानिन. माणूस जन्मानं त्या खान्यात पडायचा. तो गिरणीत गेला, गाडीवान झाला, व्यापारात कमावलं, तरी श्रेणी बदलून घेईपर्यंत त्याच्या परवान्यावर क्रेस्त्यानिनच. 1897 च्या जनगणनेत साम्राज्यातल्या शंभरांपैकी सुमारे 77 जण या श्रेणीत होते, आणि त्यांतले सगळे काही नांगर धरत नव्हते. नोव्हेंबर 1917 मध्ये या श्रेणीच रद्द झाल्या. मी अनुवाद दुरुस्त केला : ‘जन्मानं खेडूत, कामानं रंगारी’.

त्या रात्री मला अण्णांचे कागद आठवले. सातबाऱ्यावर ते ‘भोगवटादार’ होते, सोसायटीच्या वहीत ‘सभासद’, बँकेच्या नोटिशीवर ‘कर्जदार’, आणि निवडणुकीच्या भाषणात ‘बळीराजा’. एकाच माणसाला चार ठिकाणी चार नावं होती. रशियन वाचकानं हे चार कागद वेगवेगळे पाहिले असते तर ही चार माणसं आहेत असंच त्याला वाटलं असतं.

6. तारीख न पाहता शब्दाचा अर्थ लावू नये.

क्रेस्त्यानिन हा शब्द 1450 च्या कागदात आला आणि 1750 च्या कागदातही आला, तरी अक्षरं तेवढी तीच असतात. पहिला माणूस मालक सोडून जाऊ शकत होता, दुसरा विकला जाऊ शकत होता.

मधल्या तारखा मी विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेत असे. 1497 च्या कायद्यानं मालक बदलण्याची मुदत ठरवली. शरद ऋतूतल्या संत युरीच्या दिवसाच्या, म्हणजे 26 नोव्हेंबरच्या, आधीचा एक आठवडा आणि नंतरचा एक. पीक घरात आलेलं असायचं, देणं फेडायचं आणि निघायचं. 1581 पासून काही वर्षं ही मुभा तहकूब होऊ लागली. 1597 मध्ये पळून गेलेल्याला पाच वर्षांपर्यंत शोधून आणण्याचा हक्क मालकाला मिळाला. 1649 च्या संहितेनं ती मुदतही काढून टाकली. आता शोध कायमचा, बांधणूकही कायमची. आशा हातातून निसटली की रशियन माणूस आजही आजीला उद्देशून एक म्हण वापरतो : ‘घे आजी, हा तुझा युरीचा दिवस!’ हिरावून घेतलेला तो पंधरवडा त्या म्हणीत टिकून आहे.

या भूदासांची मोजणी ‘दुशा’ म्हणून होत असे. दुशा म्हणजे आत्मा. करासाठी फक्त पुरुष मोजत, आणि दोन मोजण्यांच्या मधे मेलेला माणूस पुढच्या मोजणीपर्यंत कागदावर जिवंत राही. गोगोलच्या 1842 च्या ‘मृत आत्मे’ या कादंबरीचा सगळा व्यवहार याच कागदी जिवंतपणावर उभा आहे. हे माहीत नसलेला वाचक ते नाव आध्यात्मिक समजतो.

भूदासपद्धती 1861 मध्ये संपली. खासगी मालकांचे सुमारे सव्वादोन कोटी लोक मोकळे झाले, पण मिळालेल्या जमिनीचे हप्ते त्यांना 1906 च्या अखेरपर्यंत डोक्यावर वागवावे लागले. चेकॉव्हच्या आजोबांनी त्याआधीच, 1841 मध्ये, पैसे भरून आपल्या कुटुंबाची सुटका विकत घेतली होती. नातवानं 1897 मध्ये ‘मुझिकी’ ही दीर्घकथा लिहिली. तिच्यात खेड्यातलं दारिद्र्य, दारू, मारझोड यांतलं काहीच झाकलेलं नाही. मुझिकला संत मानणाऱ्यांना ती बोचली. मला मात्र त्या शब्दावर हक्क असलेल्या माणसानं तो उच्चारलेला दिसतो.

7. शब्दाची यादी होऊ लागली की सावध व्हावं.

‘कुलाक’ म्हणजे मूठ. क्रांतीपूर्वीच्या खेड्यात हा शब्द खेडूतच वापरत. गावाला व्याजात आणि उधारीत मुठीत ठेवणारा व्यापारी तो कुलाक. त्याला दुसरं नाव ‘मिरोयेद’, गाव खाणारा. राग खरा होता आणि शब्दही नेमका होता.

1920 च्या दशकात सरकारनं खेड्याची विभागणी केली : बेद्न्याक म्हणजे गरीब, सेरेद्न्याक म्हणजे मधला आणि कुलाक. डिसेंबर 1929 मध्ये स्तालिननं कुलाकांना वर्ग म्हणून संपवण्याचं धोरण जाहीर केलं आणि जानेवारी 1930 मध्ये त्याचा ठराव झाला. आता कुलाक कोण हे गाव ठरवत नव्हतं. वरून आकडा येत होता आणि तो भरायचा होता. ज्याच्यापाशी काहीच नाही पण जो सामुदायिक शेतीत यायला तयार नाही, त्याच्यासाठी नवा शब्द घडवला, ‘पद्कुलाच्निक’, कुलाकाचा हस्तक. 1930 आणि 1931 या दोन वर्षांत 18 लाखांहून अधिक माणसं घरदार काढून घेऊन उत्तरेला, उरालला, सायबेरियाला, कझाकस्तानला पाठवली गेली. त्यापाठोपाठ 1932-33 चा दुष्काळ आला.

आमच्या वसतिगृहात मजल्यावर देखरेखीला एक म्हातारी बाई असायच्या. रात्री चहा करून द्यायच्या. मी शेतकऱ्याची मुलगी आहे हे कळल्यावर त्यांनी एकदा मला बसवून घेतलं. त्यांचं लहानपण वोरोनेझकडच्या खेड्यातलं. घोडे दोन, गाय एक, छपराला पत्रा. वडिलांचं नाव यादीत आलं. थंडीत सगळ्यांना आर्खांगेल्स्कच्या जंगलात नेलं. धाकटा भाऊ तिथे गेला. मी न राहवून विचारलं, “म्हणजे तुम्ही कुलाक होतात?” त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, “आम्ही क्रेस्त्याने होतो. कुलाक आम्हाला कागदानं केलं.”

त्या वाक्यानंतर मी शब्दकोशात ‘कुलाक – श्रीमंत शेतकरी’ एवढ्यावर कधीच थांबले नाही.

8. शब्द झेंड्यावर गेला म्हणजे माणूस वर गेला असं नाही.

नव्या राज्याच्या चिन्हात हातोडा कामगाराचा आणि विळा क्रेस्त्यानिनचा. 1918 मधल्या लाल सेनेचं नाव ‘कामगार-क्रेस्त्यानिन लाल सेना’. 1922 मध्ये ‘क्रेस्त्यान्का’ हे खेड्यातल्या स्त्रियांसाठीचं मासिक निघालं. इतका मान या शब्दाला कधी मिळाला नव्हता.

वेरा मुखिनांचं ते प्रसिद्ध पोलादी शिल्प मी मॉस्कोत पाहिलं. दोन तरुण आकृत्या झेप घेत निघालेल्या, पुरुषाच्या हाती हातोडा, स्त्रीच्या हाती विळा. 1937 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी ते घडवलं. त्याच्यासमोर मी कितीतरी वेळ उभी राहिले. माझ्या मनात त्याचं नाव ‘कामगार आणि क्रेस्त्यान्का’ असंच होतं. पाटी वाचली तेव्हा दिसलं : ‘कामगार आणि कोल्खोज्नित्सा’. विळा तोच होता, पण धरणारीचं नाव बदललेलं. स्वतःच्या जमिनीची क्रेस्त्यान्का जाऊन सामुदायिक शेतीची सदस्य आली होती.

त्याच दशकात, डिसेंबर 1932 मध्ये, देशांतर्गत पारपत्रं सुरू झाली आणि कोल्खोजमधल्या बहुतेकांना ती मिळाली नाहीत. पारपत्र नाही तर शहरात राहण्याचा हक्क नाही. ते सर्वांना देण्याचा निर्णय व्हायला 1974 उजाडलं. मिरवणुकीतल्या फलकावर ज्याचं नाव होतं त्याच्या खिशात स्वतःच्या नावाचा कागद नव्हता.

पुढे नोव्हेंबर 1990 मध्ये खासगी शेतीला वाट देणारा कायदा आला. त्याच्या शीर्षकात ‘क्रेस्त्यानिनची शेती’ असे शब्द आहेत आणि लगेच कंसात ‘फेर्मेर’ची असा इंग्रजीतून घेतलेला शब्द. साठ वर्षांच्या तुटीनंतर जुन्या शब्दावर एकट्यावर भार टाकायला कायदा लिहिणारे धजले नसावेत असं मला तो कंस पाहून वाटतं. दोन पिढ्यांनी जे नाव आपलं म्हणून वापरलं नाही ते एका ठरावानं परत येत नाही.

9. अनुवादात एका शब्दाला एकच शब्द हा नियम शेतकऱ्यावर अन्याय करतो.

नव्या अनुवादकांनी मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न असा : मुझिकला मराठीत काय म्हणायचं? माझं उत्तर अनुभवातून ठरत गेलं.

‘कुणबी’ मी टाळते. तो आपल्याकडे जातीचा शब्द आहे आणि रशियन माणसाला आपली जात चिकटवण्याचा आपल्याला अधिकार नाही. ‘बळीराजा’ही टाळते, कारण त्यामागची कथा आपली आहे. ‘रयत’ हा शब्द अरबीतून आलेला, मुळात राखणीतला कळप आणि त्यावरून प्रजा. झारपुढचा अर्ज असेल तिथे तो चपखल बसतो. ‘कूळ’ जपून वापरते, कारण आपलं कूळ जमीन सोडू शकत होतं, 1649 नंतरचा रशियन भूदास सोडू शकत नव्हता. मालकाच्या शेतावर राबण्याच्या ‘बारश्चिना’ला ‘वेठ’ म्हणते, आणि ‘ओब्रोक’ला ‘खंड’. आपल्या खेड्यांनी हे दोन्ही शब्द अंगावर काढलेले आहेत, म्हणून ते मराठीत जिवंत वाटतात.

आणि जिथे पात्र स्वतःबद्दल बोलतं तिथे मी आधी त्याच्या तोंडचा शब्द ऐकते. सरदार ‘मुझिक’ म्हणाला तर ‘गावंढळ’. दुसरा मुझिक म्हणाला तर ‘गडी’ किंवा ‘बाबा’. आजचा चालक बर्फात हाक मारतो तेव्हा ‘मित्रांनो’ पुरेसं आहे. मूळ शब्द एक असला तरी तो बोलणारी तोंडं वेगळी आहेत, आणि अनुवाद त्या तोंडांचा करायचा असतो.

परवा त्या निळ्या वहीतल्या पानावर आणखी एक चिठ्ठी चिकटवायला जागा उरली नाही. मग मी मूळ ओळ खोडली आणि तिच्या जागी तीन प्रश्न लिहिले : कोण म्हणतंय? कोणाला म्हणतंय? कोणत्या साली म्हणतंय?

तुमच्यापैकी कोणी रशियन शिकत असेल, अनुवाद करत असेल, किंवा नुसतं तोल्स्तोय-चेकॉव्ह मराठीतून वाचत असेल, तर ‘शेतकरी’ हा शब्द आला की क्षणभर थांबा आणि हे तीन प्रश्न विचारा. आणि आपल्या गावच्या, आपल्या तालुक्यातल्या नांगर धरणाऱ्याविषयी लिहायची वेळ आली, तर लेखणी उचलण्याआधी त्याच्या बांधावर जा आणि तो स्वतःला काय म्हणतो ते ऐका. ते नाव आधी लिहा.